अळशी कोणी खुडायची?

हजारो लोक एकाच वेळी खेळतात अशा ऑनलाइन खेळांत तलवार, चिलखत, धनुष्य, औषध हे सगळे कोणीतरी बनवावे लागते. त्याला कच्चा माल लागतो, आणि कच्चा माल गोळा करणे हे बहुतेक वेळा भयंकर कंटाळवाणे काम असते. ते प्रोग्रामवर सोपवावे, की दुसऱ्या खेळाडूला मजुरी देऊन करून घ्यावे? गेली वीस-पंचवीस वर्षे हा वाद धुमसतो आहे. खेळण्यातले भांडण म्हणून तो सोडून देण्यात नुकसान आहे, कारण यंत्र आणि मजूर यांच्याविषयी आपण जे एरवी मोघम बोलतो ते इथे आकड्यांनिशी तपासता येते. दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणून त्या दोघांच्या तोंडी घालतो. इंदूरच्या रामबागेतले एक मराठी घर धरू. आत्या अनेक वर्षे अर्थशास्त्र शिकवलेली, मिल कामगारांच्या वस्त्या जवळून पाहिलेली. भाचा सॉफ्टवेअरमध्ये, आणि रूनस्केप खेळत मोठा झालेला. माणसे कल्पित आहेत; ती ज्यावरून भांडतात ते घडलेले आहे.

भाचा : आत्या, आधी काम काय असते ते बघ, मग मजुराची बाजू घे. रूनस्केपमध्ये सीअर्स व्हिलेज नावाच्या गावाजवळ अळशीचे शेत आहे. एका क्लिकला एक रोप. झोळीत २८ खण, म्हणजे २८ क्लिक. मग गावातल्या एका घराची शिडी चढून वरच्या मजल्यावर जायचे, तिथल्या चरख्यावर अळशीची दोरी कातायची, बँकेत नेऊन टाकायची आणि पुन्हा शेताकडे चालू लागायचे. ही दोरी धनुष्याला लागते. धनुष्ये हजारोंनी बनतात, म्हणून दोरीही हजारोंनी लागते. यात डोके कुठे चालवायचे असते? शंभराव्या फेरीत पहिल्या फेरीपेक्षा काय वेगळे कळते? प्रोग्राम, म्हणजे बॉट, लिहिला की तो रात्रभर हेच करतो आणि सकाळी दोरी तयार असते. दोरी स्वस्त, म्हणून धनुष्य स्वस्त, आणि ते सगळ्यांसाठीच स्वस्त. मिलचे कापड आले तेव्हा गरिबाच्या अंगावर दुसरा सदरा आला, ते काय वाईट झाले होते?

आत्या : स्वस्त झाले, मान्य. पण त्याची किंमत कोणी मोजली ते सांग. तुमच्याच खेळात रनर असायचे ना? नेचर रून नावाचा मंतरलेला दगड बनवायला करामजा बेटावरच्या वेदीपाशी जावे लागे. पातळी ४४ झाल्याशिवाय तो बनवता येत नाही, आणि ९१ला पोचलेल्याला एका कच्च्या दगडातून दोन मिळतात. असा मुरलेला कारागीर वेदीपाशी ठाण मांडून उभा. नवखी पोरे झोळीभर कच्चे दगड घेऊन धावत यायची, देवघेवीची खिडकी उघडायची, दगड द्यायची आणि बदल्यात तयार रून घेऊन पुढच्या फेरीला निघायची. याची पातळी भराभर वाढे, त्यांच्या हाती पहिली पुंजी येई. मजुरीवरून घासाघीस होई. जो हात आखडता घेई त्याच्याकडे कोणी फिरकत नसे. याला मी बाजार म्हणते. नवख्याकडे विकण्यासारखे काय असते? वेळ. तोच वेळ तुझा बॉट कवडीमोल करतो. श्रीमंत खेळाडूला स्वस्त धनुष्य मिळाले, पण त्या पोराला कोणते धनुष्य परवडते, ते विचार.

आत्याचा हा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही, आणि खेळ बनवणाऱ्यांनाही तो कधी उडवता आला नाही. पण मजुरीची बाजू घेणाऱ्याने रूनस्केपचीच पुढची तीन वर्षे नीट वाचावीत. खेळ काढणारी जॅगेक्स ही केंब्रिजची कंपनी. खेळातली नाणी खऱ्या पैशांना विकणाऱ्या टोळ्यांनी ती बेजार झाली होती. या टोळ्या चोरीच्या क्रेडिट कार्डांवर खाती उघडत, आणि बँकांनी ते पैसे परत मागितले की भुर्दंड कंपनीला बसे. शेवटी २ जानेवारी २००८ला कंपनीने जालीम उपाय केला : दोन खेळाडूंच्या देवघेवीत दोन्हीकडच्या मालाची किंमत जवळपास सारखी असली पाहिजे. फरक किती चालेल, तर सुरुवातीला पंधरा मिनिटांत ३,००० नाणी. नाणी विकणे यामुळे थांबले खरे. पण मजुरी म्हणजे तरी काय? एकाने माल द्यायचा, दुसऱ्याने त्याहून जास्त द्यायचे, आणि तो जास्तीचा भाग श्रमाचा. त्यावरच मर्यादा आल्यावर वेदीपाशी धावणाऱ्यांचा धंदा बसला. एका जागतिक खेळात मजूर लावणे जवळजवळ बेकायदा ठरले, तेही मजुरांवर रागावून नव्हे, चोरांना आवरताना. असा प्रयोग खऱ्या जगात कोणत्या सरकारला करता आला असता?

तीन वर्षांनी कंपनीने खेळाडूंचे मत घेतले. सुमारे १२ लाख मते पडली, ९१ टक्क्यांनी खुल्या देवघेवीला कौल दिला, आणि १ फेब्रुवारी २०११ला ती परत सुरू झाली. मजूर परतले, त्यांच्याबरोबर नाणी विकणारे परतले, आणि बॉट तर पुराच्या पाण्यासारखे आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीने एका फटक्यात दहा लाखांहून जास्त बॉट-खाती बंद केली. या चार वर्षांतून मला दिसते ते असे. मजुरी बंद केली तरी कंटाळवाणे काम कमी झाले नव्हते; अळशी तिथेच होती, दोरीची गरज तेवढीच होती. काम शाबूत ठेवून ते कोणी करायचे एवढेच कंपनी ठरवत राहिली, आणि बंदीचा दट्ट्या हटला की ते काम सर्वांत स्वस्त हाताकडे धावले. तो हात कधी प्रोग्रामचा असतो, कधी माणसाचा.

भाचा : माणसाचा हात किती स्वस्त असतो ते मी सांगतो. २००१मध्ये एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने एव्हरक्वेस्ट या खेळातल्या जगाचा हिशेब मांडला. खेळातल्या वस्तू बाहेर कितीला विकल्या जातात ते पाहून त्याने काढले की तिथे एक तास खेळणारा माणूस सरासरी ३.४२ डॉलरची कमाई करतो. लोक थक्क झाले. सहा वर्षांनी ज्युलियन डिबेल या पत्रकाराने चीनमधल्या नानजिंगच्या कारखान्यांबद्दल लिहिले. तिथे तरुण मुले वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये रात्रपाळीला नाणी गोळा करत, बारा बारा तास, आठवड्याच्या सातही रात्री, आणि मिळत ताशी ३० सेंटच्या आसपास. मधला सगळा पैसा मालकाने आणि दलालाने खाल्ला. पुढे व्हेनेझुएलात चलन कोसळले तेव्हा तिथली माणसे रूनस्केपमध्ये हिरवे ड्रॅगन मारून हाडे आणि कातडी विकू लागली, कारण देशातल्या पगारापेक्षा तेवढे जास्त पडे. आत्या, तुझे वेदीपाशी धावणारे पोर हे चित्र गोड आहे. पण मजुरीचा बाजार एकदा खुला झाला की रांगेत ते पोर राहत नाही. तिथे पोटासाठी खेळणारा येतो, आणि त्याच्यासमोर हौशी नवखा टिकत नाही. मग बॉटने काम केले तर कोणाचे काय गेले? निदान एका माणसाची रात्र तरी वाचली.

आत्या : रात्र वाचली, आणि सकाळची चूल? आपल्या इंदूरची हुकुमचंद मिल आठव. १९९१च्या डिसेंबरात भोंगा बंद झाला. हजारो माणसे, परदेशीपुऱ्यापासून मालवा मिलपर्यंतच्या गल्ल्या त्यांच्या. देण्यांसाठी कोर्टात फेऱ्या मारता मारता किती तरी जण गेले. सुमारे २२४ कोटींचा चेक निघाला तो २५ डिसेंबर २०२३ला, म्हणजे ३२ वर्षांनी, आणि अनेकांच्या वतीने तो घ्यायला बायका आणि मुलेच उरली होती. यंत्राने रात्र वाचवली म्हणणाऱ्याने त्या गल्लीत एकदा जाऊन हे म्हणून दाखवावे.

भाचा : जातो. पण हुकुमचंद मिल यंत्राने बुडवली का, एवढे आधी सांग. मिल म्हणजेच यंत्र होते ना?

आत्या अर्थशास्त्र शिकवलेली असल्यामुळे या प्रश्नाला तिला प्रामाणिक उत्तर द्यावे लागणार, आणि ते तिच्या बाजूचे नाही. कताई, विणाई, रंगाई एका छपराखाली करणाऱ्या मोठ्या मिली देशभर मागे पडल्या, त्याला कारणे अनेक होती : जुनी यंत्रे, मालकांनी नफा दुसरीकडे वळवणे, सरकारी धोरण. पण सर्वांत मोठा घाव घातला तो यंत्रमागाने. मिलमधल्या मागाच्या तुलनेत यंत्रमाग काही फार पुढारलेले यंत्र नव्हते. बरेच यंत्रमाग तर मिलींनी मोडीत काढलेले जुने मागच होते. त्याची ताकद छोट्या शेडमध्ये होती, जिथे प्रॉव्हिडंट फंड नाही, संघटना नाही, पाळीचे तास मोजणारे कोणी नाही, आणि करांतही सवलत. जवळच्या बऱ्हाणपुरात, आणि महाराष्ट्रात भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीत जे झाले ते हेच. म्हणजे इंदूरच्या कायम कामगाराला हरवले ते जास्त स्वयंचलित यंत्राने नाही, जास्त स्वस्त मजुराने. नानजिंगची रात्रपाळी आणि बऱ्हाणपूरची शेड यांत मला फारसा फरक दिसत नाही. ‘यंत्र की मजूर’ असा सरळ सामना लावणाऱ्याच्या डोळ्यांतून ही तिसरी गोष्ट नेमकी सुटते. उघड नियमांनी चालणारे यंत्र आणि उघड नियमांनी मिळणारी मजुरी एका बाजूला. चोरून चालवलेला बॉट आणि चोरून राबवलेला माणूस दुसऱ्या बाजूला. भांडण असेल तर ते या दोहोंत आहे.

आत्या : बरे, मिल सोड. महेश्वर घे. इंदूरपासून नव्वदेक किलोमीटर. अहिल्याबाईंनी तिथे विणकर वसवले, आणि अडीचशे वर्षांनी आजही हातमाग चालू आहेत. सत्तरच्या दशकात धंदा मरायला टेकला होता. होळकर घराण्यातल्या लोकांनी रेहवा ही संस्था काढली, विणकर बायकांना मागावर बसवले, आणि साडी पुन्हा उभी राहिली. सरकारनेही १९८५ला कायदा केला की अमुक प्रकारचे कापड हातमागावरच निघेल, यंत्रमागाने त्याला हात लावायचा नाही. यंत्रमागवाले सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि हरले. ठरवले तर माणसाचे काम माणसासाठी राखता येते. तुमच्या खेळवाल्यांनी अळशी राखून ठेवली तर काय बिघडेल?

भाचा : महेश्वरच्या विणकरीण बाईच्या मागावर सूत कुठले असते?

हा प्रश्न मला या साऱ्या वादाची किल्ली वाटतो. महेश्वरी साडीतले बारीक सूत गिरणीत कातलेले असते. ताण्याचे रेशीमही बाहेरून तयार येते. चरख्यावर सूत काढून महेश्वरी विणायची म्हटली तर ती आज कोणाला परवडणार नाही, आणि त्यासाठी कोणी विणकर रडतही नाही. कातणे यंत्राकडे गेले. विणणे, किनार बसवणे, रंगाची जोड ठरवणे हातात राहिले, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते याच हातकामाचे. १९८५चा कायदाही सुताबद्दल बोलत नाही, कापडाच्या प्रकाराबद्दल बोलतो. तो राबवताना काय काय होते हा वेगळा विषय; मूळ यादीतले २२ प्रकार पुढे ११वर आले, यावरूनच दबाव कुठून येत होता ते समजावे. पण रेघ कुठे ओढायची याची समज त्यात आहे : जिथे हाताला काही ठरवायचे असते ते हातासाठी राखा. अळशीची दोरी ही तर शब्दशः कताईच. ती माणसासाठी राखून ठेवण्याचा आग्रह म्हणजे महेश्वरच्या बाईला मागावरून उठवून चरख्यावर बसवणे.

खेळांच्या दुनियेत ही रेघ एका खेळाने फार शहाणपणाने ओढली होती. स्टार वॉर्स गॅलेक्सीज २००३मध्ये सुरू झाला आणि २०११मध्ये बंद पडला. त्याचा मुख्य रचनाकार राफ कोस्टर. तिथे खनिज काढायला खेळाडूने तासन्‌तास कुदळ मारायची गरज नव्हती. जमिनीत हार्वेस्टर नावाचे यंत्र रोवायचे. त्याला वीज लागे, देखभालीचे पैसे लागत, ते थकले तर यंत्र बंद पडे. एकसारखा माल हजारोंनी काढायला कारखाना बांधता येई. हे सगळे खेळाच्या नियमांत, सर्वांना दिसेल असे. मग कारागिराला काय उरले? पुष्कळच. एकाच धातूची प्रत सारखी नसे. चांगली खाण काही दिवसांत संपे आणि नवी कुठे लागली ते हिंडून शोधावे लागे. कोणत्या प्रतीचा धातू कोणत्या बंदुकीला घालायचा, नमुना बनवताना कुठल्या गुणावर जोर द्यायचा, यावर माल चांगला की सुमार ते ठरे. वस्तू झिजत, मोडत, म्हणून गिऱ्हाईक परत येई, आणि चांगल्या कारागिराचे दुकान नावाने ओळखले जाई. कुदळ यंत्राकडे, अक्कल माणसाकडे. कामाची अशी वाटणी असल्यावर चोरून बॉट चालवण्याचा मोहही ओसरतो, कारण बॉटने करण्याजोगे काम खेळाने आधीच करून ठेवलेले असते.

आत्या : वाटणी छान आहे. पण हार्वेस्टरला पैसे लागतात म्हणालास. ज्याच्याकडे पैसे तो शंभर रोवेल, नवखा बघत बसेल. माझा पहिला प्रश्न तिथेच आहे.

भाचा : त्यावर मर्यादा होती. प्रत्येक पात्राला दहा भूखंड. घर बांधा, कारखाना बांधा, यंत्र रोवा, सगळे मिळून दहातच. आणि नवख्याची कमाई खाण हेरण्यात होती. चांगला धातू कुठे लागला ही बातमी विकली जाई, कारण मोठ्या कारागिराला स्वतः हिंडायला सवड नसे. अळशी खुडण्यापेक्षा ही मजुरी बरी नाही का? यात पोर काही शिकते तरी.

इथे भाच्याचे पारडे जड आहे, पण वेदीपाशी धावण्यात जे होते ते सगळे यात येत नाही, हेही सांगितले पाहिजे. अळशी खुडायला काहीच यावे लागत नाही, आणि तीच तिची सोय होती; पहिल्याच दिवशी, कोणाला न विचारता चार नाणी मिळत. खाण हेरायला आधी थोडे कळावे लागते. सगळे बिनडोक काम यंत्राकडे गेलेल्या खेळात पहिली पायरी उंच होते, आणि काही माणसे ती न चढता परत जातात. मी तरीही यंत्राचीच बाजू घेईन. सोपे काम नवख्यासाठी म्हणून राखले तरी ते नवख्याकडे राहत नाही, हे नानजिंगपासून व्हेनेझुएलापर्यंत दिसून चुकले आहे. आणखी एक आक्षेप असा घेतात की खेळ हा खेळ आहे, त्यात कष्टाचे मोल कष्टानेच ठरते. यंत्र दिले की मिळवल्याची मजा जाते. चोरीच्या बॉटबद्दल हे खरे आहे, कारण त्याने इतरांच्या कष्टाची किंमत त्यांना न विचारता उतरते. ग्लायडर नावाच्या बॉटच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या होत्या, आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या मालकांना त्याच्याविरुद्ध अमेरिकेतल्या कोर्टात लढावे लागले. पण सर्वांना सारख्या अटींवर मिळणाऱ्या यंत्राने कोणाची मजा मारली जात नाही. एक गोष्ट मात्र कंपन्यांना विचारावीशी वाटते. लाखभर लोक पैसे मोजून ज्यातून सुटका मागतात असे काम तुम्ही खेळात ठेवलेच का?

आत्या : कारण ते ठेवण्यात पैसा आहे. २०१३च्या सप्टेंबरात जॅगेक्सने बाँड आणला ना? ज्याच्याकडे पैसा आहे पण वेळ नाही, त्याने कंपनीकडून खऱ्या पैशांनी बाँड घ्यायचा आणि खेळात नाण्यांना विकायचा. ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसा नाही, त्याने कंटाळवाणे काम करून नाणी जमवायची, तो बाँड घ्यायचा आणि त्यावर वर्गणी भागवायची. २०१५च्या एप्रिलमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनेही तसेच टोकन काढले. दलालाला हाकलले आणि त्याच्या गादीवर कंपनी बसली. कामाचा कंटाळा गेला तर हा माल विकणार कोणाला? तुझे ते दहा भूखंडही मी एवढ्यात मान्य करत नाही. दहा एका पात्राला. ज्याला वीस हवेत तो दुसरे खाते काढेल, दुसरी वर्गणी भरेल. एकाच घरातल्या चार नावांवर माग दाखवून लहान राहायचे, ही यंत्रमागवाल्यांची जुनीच युक्ती. तिथे निदान मोजणारा सरकारचा आणि कमावणारा शेडवाला, असे दोन वेगळे होते. इथे मोजणारा आणि वर्गणी घेणारा एकच.

भाचा : मग आकडे उघडे करायला लावायचे. ईव्ह ऑनलाइन या खेळाच्या कंपनीने २००७मध्ये चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नेमला होता, आणि आज ती दर महिन्याला आर्थिक अहवाल काढते. कुठल्या भागात किती खनिज निघाले, किती माल बनला, किती नष्ट झाला, सगळे त्यात असते. खेळाडूंनी निवडलेले मंडळही आहे, कंपनीशी बोलणारे.

आत्या : कुठल्या भागात किती निघाले ते असते. एकाच माणसाच्या किती खात्यांनी काढले, ते असते का त्यात?

भाचा : नाही. तेवढे नसते.

आत्या : मग तुझ्या त्या मंडळाने पहिल्यांदा ते मागावे. हार्वेस्टर मी त्यानंतर मान्य करते.